शिखर आणि त्याखालची पायरी : अमेरिकेच्या मॅरेथॉन-धावपटूंचा चढउतार



वार्षिक क्रीडास्पर्धांची तयारी चालू असताना नववीच्या वर्गातील एका मुलाने मला विचारले, "सर, ऑलिंपिकमध्ये अमेरिकेला इतकी पदके मिळतात, मग मॅरेथॉनमध्ये त्यांच्या पुरुषांचे नाव का ऐकू येत नाही?" मी त्या वेळी "आफ्रिकेतील धावपटू फार वेगवान आहेत," एवढे उत्तर देऊन वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र ते उत्तर माझे मलाच अपुरे वाटू लागले. कारण एके काळी हीच शर्यत अमेरिकेने गाजविली होती. एकदा हाती आलेली विद्या एखाद्या समाजाच्या हातून कशी निसटते आणि ती पुन्हा मिळविता येते का, असा तो मूळ प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्याचा हा अल्पसा प्रयत्न.

१. शर्यत आणि तिचे माप

मॅरेथॉनचे अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर. चारशे मीटरच्या धावपट्टीवर हे अंतर तोडायचे म्हटले, तर जवळजवळ एकशेसाडेपाच फेऱ्या घालाव्या लागतील. लंडन येथील १९०८ च्या ऑलिंपिकमध्ये हे अंतर प्रथम योजिले गेले व पुढे १९२१ साली ते कायमचे ठरले.

वेगाची कल्पना यावी म्हणून थोडे गणित करू. केनियाच्या केल्विन किप्टमने ऑक्टोबर २०२३ मध्ये शिकागो येथे ही शर्यत २ तास ३५ सेकंदांत पुरी केली. म्हणजे प्रत्येक किलोमीटरला त्याला सुमारे २ मिनिटे ५१ सेकंद लागले. प्रत्येक शंभर मीटरला सतरा सेकंदांहून किंचित अधिक. आपल्या क्रीडांगणावर सतरा सेकंदांत शंभर मीटर धावणारी मुले आपल्याच शाळेत निघतील. परंतु तोच वेग न थांबता ओळीने चारशेबावीस वेळा राखावयाचा आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे ह्या शर्यतीचे खरे स्वरूप उमगते. येथे वेगापेक्षा वेग टिकविण्याला मोल आहे. आणि ती शक्ती एका दिवसात वा एका वर्षात अंगी येत नाही.

२. वैभवाचे दिवस

ऑलिंपिकमधील मॅरेथॉनचे सुवर्णपदक अमेरिकेने तीन वेळा मिळविले : १९०४ साली टॉमस हिक्सने, १९०८ साली जॉनी हेझने आणि १९७२ साली फ्रँक शॉर्टरने. पहिले दोन विजय ही शर्यत बाल्यावस्थेत असतानाचे होत. खरे महत्त्व आहे ते तिसऱ्याला.

शॉर्टरचा जन्म म्यूनिक शहरी झाला होता. त्याचे वडील अमेरिकन सैन्यात डॉक्टर होते. त्याच म्यूनिकमध्ये १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये तो साधारण पंधराव्या किलोमीटरपाशी इतरांपासून सुटला आणि अखेरपर्यंत एकटा पुढे राहून त्याने २ तास १२ मिनिटे १९.८ सेकंदांत शर्यत जिंकली. परंतु त्या दिवशीच्या निकालपत्रकात त्याच्या नावाखाली पाहिले पाहिजे. चौथा आला केनी मूर आणि नववा आला जॅक बॅचलर. हे दोघेही अमेरिकनच. एका देशाला तीनच धावपटू पाठविता येतात आणि ते तिघेही पहिल्या दहांत! चार वर्षांनी माँट्रिऑल येथे शॉर्टर दुसरा आणि त्याचा देशबांधव डॉन कार्डाँग चौथा आला.

ह्याच सुमारास बॉस्टनमध्ये बिल रॉजर्स हा तरुण पुढे आला. तो विशेष मुलांच्या शिक्षणाचा अभ्यास करीत असे. बॉस्टनची मॅरेथॉन १८९७ पासून भरत आलेली आहे. १९७५ साली त्या शर्यतीत रॉजर्स पाणी पिण्यासाठी आणि बुटाची नाडी बांधण्यासाठी चक्क थांबला, आणि तरीही २ तास ९ मिनिटे ५५ सेकंदांत पहिला आला. पुढे बॉस्टन आणि न्यूयॉर्क ह्या दोन्ही शर्यती त्याने प्रत्येकी चार वेळा जिंकल्या.

पण रॉजर्सचे यश त्याच्या एकट्याचे होते काय? ग्रेटर बॉस्टन ट्रॅक क्लब नावाच्या मंडळात तो इतरांबरोबर सराव करी. १९७९ च्या बॉस्टन शर्यतीत ह्या एकाच मंडळाचे चार जण पहिल्या दहांत आले : पहिला, तिसरा, आठवा आणि दहावा. त्यांतील एक तर घरोघर टपाल वाटणारा पोस्टमन होता. ह्याच मंडळाच्या सरावात शाळकरी वयाचा अल्बर्टो सालाझार सामील होत असे. त्याने पुढे १९८० ते १९८२ अशी लागोपाठ तीन वर्षे न्यूयॉर्कची शर्यत जिंकली. आणि १९८३ साली बॉस्टन जिंकणारा ग्रेग मेयर हाही ह्याच मंडळात तयार झालेला.

त्या १९८३ साली २ तास २० मिनिटांच्या आत मॅरेथॉन पुरी करणारे अमेरिकन पुरुष दोनशेहून अधिक होते. ह्यांतील बहुतेकांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत. परंतु माझ्या मते त्या वैभवाचा खरा आधार तेच होते.

३. उतरण

१९८० साली अमेरिकेने मॉस्को ऑलिंपिकवर बहिष्कार घातला. बफेलो येथे निवड-शर्यत झाली, तीत टोनी सँडोव्हाल २ तास १० मिनिटे १९ सेकंदांत पहिला आला. पण निवड झालेल्यांना जाण्यास ठिकाणच उरले नव्हते. १९८४ चे ऑलिंपिक अमेरिकेतच, लॉस एंजेलिस येथे भरले. तेथे यजमानांचा सर्वांत पुढचा धावपटू पीट फिट्झिंजर अकरावा आला आणि सालाझार पंधरावा.

मेयरनंतर बॉस्टनची शर्यत जिंकणारा अमेरिकन पुरुष दिसण्यास एकतीस वर्षे जावी लागली. न्यूयॉर्कमध्ये सालाझारनंतर सत्तावीस वर्षे. सर्वांत खालची पायरी आली ती २००० साली. निवड-शर्यतीत कोणालाही ऑलिंपिकची वरची पात्रता-वेळ साधली नाही. म्हणून नियमाप्रमाणे केवळ पहिला आलेला रॉड डीहेव्हन सिडनीला गेला आणि तेथे तो ६९ वा आला. ज्या देशाचे तिघेही एके काळी पहिल्या दहांत आले, त्या देशाला अठ्ठावीस वर्षांनी तिघे उभे करता आले नाहीत.

हे का झाले? पहिले कारण बाहेरचे. रॉजर्सच्या काळी ह्या शर्यती हौशी खेळाडूंच्या मानल्या जात आणि विजेत्याला उघडपणे पैसे घेता येत नसत. पुढे बक्षिसाच्या रकमा आल्या. बॉस्टनने १९८६ पासून त्या देण्यास आरंभ केला. त्यामुळे दूरच्या देशांतील उत्तम धावपटूंना येथे येणे शक्य झाले. केनियाच्या इब्राहिम हुसेनने १९८७ साली न्यूयॉर्क व १९८८ साली बॉस्टन जिंकले, आणि पूर्व आफ्रिकेच्या पठारावरून येणाऱ्या धावपटूंचा ओघ सुरू झाला. हे धावपटू पूर्वीही होतेच. इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने १९६० व १९६४ ची ऑलिंपिक मॅरेथॉन जिंकली होती. आता त्यांना दार उघडले इतकेच.

परंतु एवढ्याने उलगडा होत नाही. दुसरा वेगाने धावू लागला म्हणून आपण मंद व्हावे असा काही नियम नाही. अमेरिकेत तर दोनशेहून अधिकांच्या त्या संख्येचा २००० सालापर्यंत एक लहानसा अंशच उरला. म्हणजे स्पर्धा वाढली हे जितके खरे, तितकेच घरचे बळ आटले हेही खरे. महाविद्यालय सोडल्यावर धावपटू विखुरले. एकत्र सराव करणारी जुनी मंडळे दुबळी झाली. एकट्याने धावणाऱ्याला कंटाळा आलेल्या सकाळी घराबाहेर ओढून काढणारे कोणी राहिले नाही.

येथे एक विरोधाभास ध्यानात घेण्याजोगा आहे. ह्याच वर्षांत अमेरिकेत धावणाऱ्यांची संख्या कमी न होता प्रचंड वाढली. १९७६ साली न्यूयॉर्क शहराच्या पाचही विभागांतून प्रथम मॅरेथॉन निघाली तेव्हा सुमारे दोन हजार लोक तीत होते. अलीकडे ती पुरी करणारेच पन्नास हजारांहून अधिक असतात. हे लोक आरोग्यासाठी आणि आनंदासाठी धावतात; ते उत्तमच आहे. पण ह्यावरून असे दिसते की, शिखर नुसत्या गर्दीवर उभे राहत नाही. त्याला हवी असते लगेच खालची पायरी : पहिल्याला रोज सरावात गाठू पाहणारे, आज ना उद्या त्याची जागा घेऊ शकणारे वीस, पन्नास, दोनशे जण. ती पायरी ढासळली म्हणजे वरचा दगड किती काळ राहणार?

४. एकटे शिखर

ह्या विधानाला एक आक्षेप घेता येईल, आणि तो विचारात घेतला पाहिजे. २००२ साली लंडनमध्ये खालिद खन्नूचीने २ तास ५ मिनिटे ३८ सेकंदांची वेळ नोंदविली. ही त्या काळची जगातील सर्वोत्तम वेळ होती. आणि खन्नूची तेव्हा अमेरिकेचा नागरिक होता. मग उतरण कोठे होती?

खन्नूचीचा जन्म मोरोक्कोचा. १९९९ साली शिकागो येथे त्याने जागतिक विक्रम केला तेव्हा तो मोरोक्कोचा होता. २००० साली तो अमेरिकेचा नागरिक झाला. त्याचे कर्तृत्व निःसंशय थोर होते. परंतु एकाच्या विक्रमाने इतरांची वेळ सुधारत नाही. सिडनीला एकच धावपटू पाठविणाऱ्या देशाजवळ दोन वर्षांनी जगातील सर्वोत्तम वेळ असावी, ह्यावरूनच ठरते की विक्रम हे बळाचे एक माप आहे, एकमेव माप नव्हे. त्या विक्रमाला अमेरिकेत तेवीस वर्षे कोणी ओलांडू शकले नाही.

५. पुन्हा चढण

पुनरुज्जीवनाची सुरुवात सिडनीनंतर लगेच, २००१ मध्ये झाली. जो व्हिजिल व बॉब लार्सन ह्या दोन अनुभवी प्रशिक्षकांनी कॅलिफोर्नियातील मॅमथ लेक्स ह्या गावी, समुद्रसपाटीपासून सुमारे २४०० मीटर उंचीवर, धावपटूंचा एक गट एकत्र राहून सराव करील अशी व्यवस्था केली. उंचावर हवा विरळ असते. तेथे राहिल्याने रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती वाढते. पण उंचीइतकेच मोल एकत्र राहण्याला होते.

ह्या गटात होता मेब केफ्लेझिगी. त्याची कथा तुम्ही अवश्य वाचावी. त्याचा जन्म १९७५ साली एरिट्रियात झाला. युद्धाच्या होरपळीतून त्याचे कुटुंब प्रथम इटलीत आणि मग १९८७ साली अमेरिकेतील सॅन डिएगो येथे आले. त्या वेळी मुलाला इंग्रजीही धड येत नव्हते. सातवीत असताना शारीरिक शिक्षणाच्या तासाला एक मैल धावण्याची चाचणी होती. चांगले गुण मिळावेत एवढ्याच हेतूने तो धावला आणि ५ मिनिटे २० सेकंदांत पोहोचला. हा मुलगा पुढे ऑलिंपिकला जाणार, हे त्याच्या शिक्षकांनी त्याच दिवशी ओळखले. मेबने २००४ साली अथेन्स ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळविले, २००९ साली न्यूयॉर्क जिंकले आणि २०१४ साली बॉस्टन. २०१३ च्या बॉस्टन शर्यतीत बाँबस्फोट होऊन माणसे दगावली होती. दुसऱ्या वर्षी मेब आपल्या क्रमांकाच्या पट्टीवर त्या मृतांची नावे लिहून धावला आणि २ तास ८ मिनिटे ३७ सेकंदांत, दुसऱ्यापेक्षा अकरा सेकंद आधी पोहोचला. त्याला एकोणचाळिसावे वर्ष पुरे होण्यास तेव्हा दोन आठवडे उरले होते. काही लोकांनी हा खरा अमेरिकन का, असा प्रश्न एके काळी केला होता. ज्या मुलाला ह्याच देशातील शाळेच्या क्रीडांगणाने धावावयास शिकविले, त्याच्याविषयी हा प्रश्न एक शिक्षक म्हणून मला तरी पटत नाही.

मेबच्या मागोमाग इतरही आले. २००८ साली बीजिंगमध्ये डेथन रिट्झेनहाइन नववा व रायन हॉल दहावा आला. २०११ साली हॉलने बॉस्टन येथे २ तास ४ मिनिटे ५८ सेकंद अशी वेळ दिली. पण बॉस्टनचा मार्ग एकाच दिशेने जाणारा व एकंदर उताराचा असल्यामुळे तेथील वेळ विक्रम म्हणून धरली जात नाही. २०१६ साली रिओ येथे गेलन रपने कांस्यपदक मिळविले आणि जॅरेड वॉर्ड सहावा आला. हा वॉर्ड युटा राज्यातील ब्रिगहॅम यंग विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवीत असे, आणि त्याच्या पदव्युत्तर प्रबंधाचा विषयच मॅरेथॉनमध्ये वेग कसा राखावा हा होता!

वॉर्डचे प्रशिक्षक एड आयस्टोन हे स्वतः १९८८ व १९९२ ह्या दोन ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावलेले. त्यांच्याच हाताखाली कॉनर मँट्झ आणि क्लेटन यंग हे दोघे मित्र तयार झाले. ते रोज बरोबर सराव करतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये ऑरलँडोच्या उन्हात निवड-शर्यत झाली, तेव्हा मँट्झ पहिला आणि यंग दुसरा आला. दोघांत अंतर अवघ्या एका सेकंदाचे. त्याच वर्षी पॅरिसच्या चढउतारांच्या कठीण मार्गावर मँट्झ आठवा व यंग नववा आला. शेवटी १२ ऑक्टोबर २०२५ रोजी शिकागो येथे मँट्झने २ तास ४ मिनिटे ४३ सेकंदांत चौथा क्रमांक मिळविला आणि खन्नूचीचा तेवीस वर्षांचा अमेरिकन विक्रम मोडला.

६. प्रगती की पिछेहाट?

आता प्रामाणिकपणे हिशेब मांडू. २००२ साली अमेरिकन विक्रम आणि जगातील सर्वोत्तम वेळ एकच होती. २०२३ साली किप्टमच्या वेळेमुळे दोहोंत ५ मिनिटे ३ सेकंदांचे अंतर पडले. २०२५ साली मँट्झने ते ४ मिनिटे ८ सेकंदांवर आणले. हे अंतर थोडे वाटेल; पण ह्या दोन वेळांनी दोघे एकाच रस्त्यावर धावले असे मानले, तर किप्टम अंतिम रेषा ओलांडील तेव्हा मँट्झ सुमारे चौदाशे मीटर मागे असेल. दोघांत दर किलोमीटरला फरक मात्र सहाच सेकंदांचा. मोठे अंतर हे लहान अंतरांचीच बेरीज असते, ह्याचे ह्याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही.

ह्या हिशेबात एक सावधगिरीही बाळगली पाहिजे. २०१७ नंतर जाड, उसळणाऱ्या तळाचे व आत कर्बतंतूंची ताठ पट्टी बसविलेले बूट सर्वत्र आले आणि त्यांमुळे सर्वांच्याच वेळा सुधारल्या. त्यांच्या तळाची जाडी ४० मिलिमीटरहून अधिक असू नये, असा निर्बंध २०२० साली घालावा लागला. म्हणून आजच्या मिनिटांशी शॉर्टरची मिनिटे सरळ ताडून पाहणे न्याय्य नव्हे. अशा वेळी घड्याळाबरोबर क्रमांकही पाहावा. १९७२ : पहिला, चौथा, नववा. २००० : एकच धावपटू, ६९ वा. २०२४ : आठवा, नववा. ह्या तीन ओळींत सारी कथा आली. गेलेले सर्व परत आलेले नाही. २०२४ पर्यंत शॉर्टरनंतरचे सुवर्णपदक अमेरिकेला लाभले नव्हते. पण पायरी पुन्हा बांधली जात आहे, हे निश्चित.

७. आणि आपण?

माँट्रिऑलच्या १९७६ च्या ज्या शर्यतीत शॉर्टर दुसरा आला, तीत अकरावा कोण होता, हे तुम्हांस माहीत आहे काय? बिहारमधील एका खेड्यातून आलेला आपला शिवनाथ सिंह. पुष्कळदा तो अनवाणी धावे. १९७८ साली जालंधर येथे त्याने २ तास १२ मिनिटे अशी वेळ नोंदविली. शॉर्टरच्या म्यूनिकमधील सुवर्णपदकाच्या वेळेपेक्षा ती जवळजवळ वीस सेकंदांनी सरस होती! त्याचा तो राष्ट्रीय विक्रम चार दशकांहून अधिक काळ अबाधित राहिला. आपण ह्याचा अभिमान बाळगतो, आणि तो योग्यच आहे. परंतु वरील विवेचनानंतर तुम्हांला त्यातील दुःखही दिसेल. विक्रम इतका काळ टिकला, कारण त्याच्या मागून येणारी पायरी नव्हती.

त्याच्याही आधी, १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये, आपल्या बेळगावचा फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावला आणि एकोणिसावा आला. त्या वर्षी अंतर नेहमीपेक्षा थोडे अधिक, ४२.७५ किलोमीटर होते. शंभर वर्षांपूर्वी आपल्या मातीतला माणूस तेथवर पोहोचला. त्याचे नाव आज आपल्या किती घरांत ठाऊक असेल?

म्हणून, नववीतील माझ्या त्या विद्यार्थ्याला आज मी असे उत्तर देईन : बाळ, अमेरिकेचे नाव ऐकू येईनासे झाले, कारण दुसरे पुढे गेले आणि त्याच वेळी तिचे आपले लोक एकटे पडले. ते पुन्हा ऐकू येऊ लागले आहे, कारण काही थोड्या लोकांनी पुन्हा एकत्र धावण्यास प्रारंभ केला. येत्या क्रीडास्पर्धेत तुम्हांपैकी एकच जण पहिला येईल. पण दुसरा, पाचवा, बारावा येणाऱ्याने आपले धावणे व्यर्थ गेले असे मानू नये. पहिल्याच्या पाठीशी ऐकू येणारी तुमची पावले त्याला पुढे ढकलीत असतात. आणि उद्या पुढे जाणारा कदाचित तुमच्यातूनच निघेल. फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी क्रीडांगणावर या, आणि येताना एखाद्या मित्राला हाक मारून बरोबर आणा.